न्याय जवळ आणा म्हणालात, मग कॉलेज लांब का नेता?

संस्थेचे माननीय अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात, एकीकडे विद्यापीठाच्या परीक्षा चालू आणि दुसरीकडे कोर्टाला उन्हाळी सुट्टी, असा मुहूर्त साधून आपल्या विधी महाविद्यालयाच्या फलकावर एक नोटीस लागली. अकरा ओळींची. येत्या शैक्षणिक वर्षापासून कॉलेज बायपासवरच्या नव्या संकुलात हलेल. सकाळचे वर्ग बंद होऊन कामकाज अकरा ते पाच चालेल. विधी साहाय्य केंद्र ‘आवश्यकतेनुसार’ सुरू राहील. सध्याची इमारत ‘संस्थेच्या इतर उपक्रमांसाठी’ वापरली जाईल. खाली सही, शिक्का. कारण दिलेलं नाही, कुणाला विचारलं त्याचा उल्लेख नाही, हरकत घ्यायला मुदत नाही. शेतजमिनीच्या फेरफाराला तलाठीसुद्धा हरकतीसाठी पंधरा दिवस देतो. आमच्या कॉलेजचा फेरफार तुम्ही एका कागदात मंजूर करून टाकलात.

हे पत्र मी आधी स्पीड पोस्टानं पाठवलं होतं. पोच आली, उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. कॉलेजचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. बदनामी करायची नाही, आणि ज्यांचं आहे ते ओळखतीलच.

माझा यात काय संबंध, ते सांगते. कोर्टाच्या कंपाउंडला लागून जो लिंब आहे, त्याच्याखाली माझे वडील टायपिंगचं टेबल टाकून बसायचे. मराठी रेमिंग्टन, शेजारी पत्र्याची पेटी, पावसाळ्यात वर ताडपत्री. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, पानामागे पैसे. १९९४ साली त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि मशीनवर मी बसले. बीए झाले होते, दुसरं काही येत नव्हतं. दोन वर्षं वकिलांचे मसुदे बडवले. ‘सबब मे. कोर्टास विनंती की’ हे माझ्या बोटांना आधी पाठ झालं, डोक्याला त्याचा अर्थ नंतर कळला. एकदा एका ज्येष्ठ वकिलांच्या मसुद्यात दाव्याचं कारण घडल्याची तारीख आणि नोटिशीची तारीख जुळत नव्हती. मी ते दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “पोरी, सकाळच्या कॉलेजला का जात नाहीस?”

तेव्हा वर्ग सात ते दहा भरायचे. दहाला घंटा झाली की मी निघायचे आणि साडेदहाच्या आत टेबलावर कागद चढवलेला असायचा. कॉलेजच्या फाटकापासून कोर्टाच्या फाटकापर्यंत आठशे पावलं आहेत. तीन वर्षं मोजली आहेत, थोडंफार इकडंतिकडं. १९९९ ला एलएलबी झाले, पुढच्या वर्षी वकिलीची सनद मिळाली. लिंबाखालच्या टेबलापासून बाररूमचा दरवाजा चाळीस पावलांवर होता. तिथं पोहोचायला मला सहा वर्षं लागली. ती आठशे पावलं नसती तर मी पोहोचलेच नसते.

माझ्या वर्गात एक पोलीस हवालदार होते, रात्रपाळी करून थेट वर्गात यायचे. मागच्या बाकावर डुलक्या काढायचे, आणि पुराव्याचा कायदा सुरू झाला की टक्क जागे. पंचनामा ठाण्यात बसून कसा लिहिला जातो ते त्यांनी आम्हाला सांगितलं, आणि सरांनी त्यांना तो कोर्टात कसा फाटतो ते दाखवलं. जिल्हा परिषदेचे एक गुरुजी होते. बँकेतला शिपाई होता, जो पुढं त्याच बँकेच्या वसुलीच्या केसेस चालवायला लागला. बेचाळीस वर्षांच्या एक वहिनी होत्या, त्यांची मुलगी बारावीला आणि त्या एलएलबीच्या पहिल्या वर्षाला, घरी एकाच दिव्याखाली दोघींचा अभ्यास. दहाला सुटल्यावर फाटकासमोर मामांच्या टपरीवर चहा. मामांना कलमं पाठ होती. ‘तीनशे दोनवाला कटिंग’ म्हणजे बिनसाखरेचा, का ते मला आजही माहीत नाही. तर असं ते कॉलेज. कायदा शिकणारे आणि कायद्याच्या तडाख्यात सापडणारे एकाच रस्त्यावरून चालायचे, एकाच टपरीवर चहा प्यायचे.

आता अध्यक्षसाहेब, तुम्हालाच एक आठवण करून देते.

कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ व्हावं म्हणून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतले वकील चाळीस वर्षांहून जास्त काळ भांडले. आमच्या तालुक्यानंही लाल फिती लावल्या, साखळी उपोषणं केली, कामकाजापासून अलिप्त राहून पक्षकारांचे बोल खाल्ले. म्हणणं एकच होतं. अपिलासाठी माणसानं रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची, सकाळी मुंबईत उतरून कुठंतरी तोंड धुवायचं, दिवसभर बोर्डाकडे डोळे लावून बसायचं, आणि पुढची तारीख खिशात घालून पुन्हा रात्रीची गाडी गाठायची, याला न्याय म्हणायचं का? १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं, म्हणजे उच्च न्यायालयाच्या फिरत्या खंडपीठाचं, कामकाज सुरू झालं. त्या आठवड्यात आपल्या कॉलेजच्या अंगणात पेढे वाटले. तुम्ही भाषण केलंत. न्याय माणसाच्या दारात आला पाहिजे, असं म्हणालात. टाळ्या आम्हीच वाजवल्या, मी दुसऱ्या रांगेत होते.

त्याला वर्ष व्हायच्या आत कॉलेज कोर्टापासून १४ किलोमीटरवर चाललं आहे. तेही नेमकं अशा वेळी, की आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजला आयुष्यात पहिल्यांदा हायकोर्ट हाताशी आलंय. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परत, असं हायकोर्टाचं कामकाज आमची मुलं पहिल्यांदाच बघू शकतात. वकिली आणि कायद्याचं शिक्षण यांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिलचे नियम सांगतात की तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप हवी, आणि त्यात निदान एकदा खालच्या कोर्टातल्या आणि एकदा अपिलात काम करणाऱ्या वकिलाच्या हाताखाली काम झालेलं असावं. हा दुसरा भाग आजवर आमच्याकडं कागदावरच उरकला जायचा, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

आता गाऱ्हाणी एकेक मांडते.

पहिलं अंतराचं. गाडीतून १४ किलोमीटर म्हणजे तुम्हाला वीस मिनिटं. आमच्या मुली वाड्यावस्त्यांवरून पहिल्या एसटीनं स्टँडवर उतरतात आणि तिथून कॉलेजला चालत येतात. संकुलाला जायला त्यांना दुसरी गाडी पकडावी लागणार. ती गाडी बायपासवर थांबत नाही, फाट्यावर थांबते. फाट्यापासून संकुलाचं फाटक पुन्हा दोन किलोमीटर आत, वाटेत एक वीटभट्टी आणि एक परमिट रूम. मी स्वतः चालत जाऊन आले आहे, भर दुपारी. नोव्हेंबरात पाचला सुटून त्या रस्त्यानं परत येणाऱ्या मुलीचा बाप पुढच्या वर्षी तिला पाठवील का, ते तुम्हीच सांगा. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पण गाडीच थांबत नसेल तर अर्धं कशाचं काढायचं? कॉलेजची बस ठेवू, असं तोंडी सांगितलं जातंय. त्या बसचा खर्च फीमध्ये किती धरणार, तेवढं लेखी द्या.

दुसरं वेळेचं, आणि माझ्या मते खरं दुखणं हेच आहे. कायद्याचं कॉलेज सकाळी भरवलं जायचं त्यामागं विचार होता. मुंबईचं सरकारी विधी महाविद्यालय १८५५ चं. तिथं पिढ्यान्‌पिढ्या हायकोर्टात वकिली करणारी माणसं शिकवत आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं १९२८ मध्ये प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये प्राचार्य. शिकवणं हे एक गाव आणि वकिली हे दुसरं, असं त्या काळी कुणी मानत नव्हतं. बार कौन्सिल आजही मानत नाही. १९७९ च्या नियमांप्रमाणे चालू वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. २००८ चे शिक्षणाचे नियम आले, वर्ग आठच्या आत घेता येईनात, तेव्हा आपणही सातचे आठ केले आणि कुणाचं काही अडलं नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता शिकवणारे आमचे सर आठला वर्गात शिरायचे ते कालचा हुकूमनामा हातात घेऊनच. “काल काय गंमत झाली माहितीये?” इथून तास सुरू. पुस्तकातल्या ऑर्डर ३९ पेक्षा, काल मनाई हुकूम का फेटाळला गेला, हे पोरांच्या डोक्यात जास्त राहायचं. अकरा ते पाच कॉलेज भरवलंत तर अकराला हे सर कोर्टात उभे असणार. एकही चालू वकील तुमच्या संकुलात पाय ठेवू शकणार नाही. आणि विद्यार्थ्यांनी कोर्ट कधी बघायचं? रविवारी?

नोकरी करून शिकणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. परीक्षेला बसायला ७० टक्के हजेरी लागते. सकाळच्या वर्गात ती प्रामाणिकपणे भरता येते. अकरा ते पाचमध्ये नोकरी करणाऱ्यापुढं दोनच वाटा उरतात, नोकरी सोडायची नाहीतर खोटी हजेरी लावायची. कायदा शिकायला आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी खोट्या सहीची सवय लावणार का? आमचे हवालदार, शिपाई, वहिनी आणि लिंबाखालची टायपिस्ट, या चौघांना तुमच्या नव्या वेळापत्रकानं बाहेर काढलंय, हे नोटीस लिहिणाऱ्याच्या ध्यानातही आलं नसेल.

तिसरं शिक्षकांचं. इथं बोलताना माझीच जीभ अडखळते, कारण दोष फक्त तुमचा नाही. पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्या मॅडम अकरा वर्षं तासिका तत्त्वावर आहेत. प्राध्यापकपदाची सेट परीक्षा उत्तीर्ण. दर वर्षी नवं नेमणूकपत्र, दर वर्षी मध्ये खंड, दिवाळीत आणि उन्हाळ्यात मानधन नाही, आणि जे मिळतं तेही तीनतीन महिने अडकलेलं. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेला मुलांना घेऊन जाणाऱ्या त्याच, शनिवारचं विधी साहाय्य केंद्र चालवणाऱ्या त्याच, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली रात्री जागून लावणाऱ्याही त्याच. त्या तासांचा हिशेब कुठल्याच तासिकेत धरत नाहीत. कायद्याच्या कॉलेजात किमान वेतन कायदा शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या मानधनासाठी कार्यालयाबाहेरच्या बाकड्यावर बसलेलं मी पाहिलं आहे. पाहिलं, आणि मी काय केलं? चहा पाजला. माजी विद्यार्थी म्हणून आम्ही वर्षातून एकदा येतो, जेवतो, फोटो काढतो, त्या बाईंना ‘मॅडम, तुमच्यामुळेच घडलो’ म्हणतो आणि गाडीत बसतो. त्यांच्या नेमणूकपत्रावर काय लिहिलंय ते आमच्यापैकी एकानंही कधी विचारलं नाही. आता नोटिशीनंतर त्यांना सांगण्यात आलंय की नव्या संकुलात ‘नव्यानं विचार होईल’. वकिलाला या वाक्याचं भाषांतर करून सांगावं लागत नाही.

चौथं शनिवारचं. आमच्या गावचा बाजार शनिवारी. म्हणूनच विधी साहाय्य केंद्र शनिवारी दुपारी चार वाजता उघडतं, हे नव्या सदस्यांना कदाचित माहीत नसेल. बाजार उरकला की बायका पिशव्या घेऊन तिथं येतात. पिशवीत मेथी, वांगी आणि तळाशी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला सातबारा.

एकाच बाईंचं सांगते. वडील वारले. भावांनी ‘तेराव्याला सही लागते’ म्हणून तिन्ही बहिणींकडे हक्कसोड पत्रावर सह्या मागितल्या. दोघींनी केल्या. ही थोरली, निरक्षर, पण हट्टी. म्हणाली, वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देणार नाही. भावांनी मग वारस नोंदीतून तिचं नावच गाळायचा घाट घातला. गावच्या चावडीत नोटीस लागली, तिला कळलं नाही. शेजारच्या पोरानं बाराव्या दिवशी सांगितलं. ती बाजाराच्या दिवशी केंद्रात आली तेव्हा हरकतीच्या पंधरातले दोन दिवस उरले होते. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं, जिनं तोवर फेरफार हा शब्द फक्त परीक्षेत लिहिला होता, तिथंच बसून हरकतीचा अर्ज लिहिला. मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीतला जन्मजात हक्क २००५ च्या दुरुस्तीनं आला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावरचा घोळ संपवला, हे सगळं तिला पाठ होतं. पण अर्ज कुणाकडं द्यायचा, पोच कशी घ्यायची, शिक्का नीट उमटला का ते बघायचं, हे तिला त्या दिवशी कळलं. सोमवारी सकाळी अर्ज दाखल झाला. नोंद थांबली. प्रकरण अजून चालू आहे, पण बाईंचं नाव रेकॉर्डवर आहे.

विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हा हक्क १९८७ च्या कायद्यानं दिला, आणि तो त्या बाईंच्या कानावर घातला आपल्या केंद्रानं. बार कौन्सिलचे नियम तर स्पष्ट आहेत: केंद्र ज्येष्ठ शिक्षकाच्या देखरेखीखाली, शेवटच्या वर्षाच्या मुलांनी, त्या परिसरातल्या विधी सेवा यंत्रणेला धरून चालवायचं. परिसर हा शब्द महत्त्वाचा आहे. बायपासवरच्या वीटभट्टीपलीकडे मेथीची पिशवी घेऊन कोण येणार? आणि ‘आवश्यकतेनुसार’ म्हणजे कुणाच्या?

पाचवं ग्रंथालयाचं. थोडक्यात सांगते, नाहीतर चिडेन. बाँबे लॉ रिपोर्टरचे जुने खंड, नागपूरच्या एआयआरची रांग, महाराष्ट्र लॉ जर्नल, या कोर्टाच्या निकालांच्या संग्रहांतलं निम्म्याहून जास्त संस्थेनं विकत घेतलेलं नाही. गावातले वकील गेले की त्यांच्या घरच्यांनी कपाटासकट कॉलेजला दिलेलं आहे. प्रत्येक खंडाच्या पहिल्या पानावर कुणाची ना कुणाची सही आहे. आत्ता ही पुस्तकं गोणपाटात भरून तळमजल्यावर ठेवली आहेत, आणि त्या तळमजल्यात दर जुलैला घोट्याएवढं पाणी येतं हे शिपाईसुद्धा सांगेल. त्यातच १ जुलै २०२४ पासून तिन्ही फौजदारी कायदे बदलले. ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८. पोरांच्या तोंडी अजून ‘चारशेवीस’च आहे, ते असू दे. पण जुने खटले जुन्या कायद्यानं चालणार, नवे नव्यानं, म्हणजे पुढची कितीतरी वर्षं दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडी लागणार. ज्या वर्षी ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवायला हवं होतं, त्या वर्षी ते गोण्यांत गेलं.

सहावं इमारतीचं. जुनी इमारत एका स्पर्धा परीक्षा अकादमीला दीर्घ मुदतीनं द्यायचं ठरलंय असं गावात बोललं जातं. खोटं असेल तर एका ओळीत सांगा, मी जाहीर माफी मागेन. खरं असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ ची आठवण करून देते. न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाड्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे कलम आम्हाला याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर, डाव्या हाताच्या वर्गात शिकवलं. अकरा-अकरा महिन्यांचे करार लावून ते कसं चुकवतात, हे मात्र अभ्यासक्रमात नव्हतं, ते वकिलीत शिकले.

आणि शेवटचं आमचं, माजी विद्यार्थ्यांचं. नॅकच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा वेगळा रकाना आहे, हे कळल्यापासून आमची किंमत वाढली. समिती यायच्या आधी पंधरा दिवस फोन येतात. शाल, श्रीफळ, गटाचा फोटो, रजिस्टरवर सह्या. अभिरूप न्यायालयाचं फर्निचर आम्ही केलं, गच्चीवरचा पत्रा आम्ही घातला, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाण्याची टाकी आम्ही बसवली. त्या रकमा कुठल्या खात्यात आहेत, काय शिल्लक आहे, याचा कागद आम्हाला कधी मिळाला नाही. आणि कॉलेज हलवायचं ठरलं तेव्हा त्या रजिस्टरमधल्या एकाही माणसाला फोन आला नाही.

तुमची बाजू मी समजून घेतलेली नाही, असं समजू नका. इमारत जुनी आहे, लिफ्ट नाही, अपंग विद्यार्थ्याला पहिल्या मजल्यावर चढता येत नाही ही आपल्या सगळ्यांना लाज वाटावी अशी गोष्ट आहे. बार कौन्सिलची तपासणी आली की जागा कमी पडते. सीईटीच्या केंद्रीय प्रवेशामुळे आता लांबलांबच्या जिल्ह्यांतली मुलं येतात आणि त्यांना वसतिगृह लागतं, ते गावात नाही, संकुलात आहे. हे सगळं मान्य. यातल्या प्रत्येक गोष्टीवर बसून बोलता आलं असतं. गावातले दोन बांधकाम ठेकेदार आपल्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी आहेत, त्यांनी लिफ्टचा अंदाजही काढला होता. तो कागद सचिवांच्या टेबलावर दोन वर्षं पडून आहे.

तर मागण्या. नोटिशीला स्थगिती द्या, आणि विद्यार्थी, शिक्षक, बार असोसिएशन आणि माजी विद्यार्थी यांची एकत्र बैठक कॉलेजच्याच सभागृहात घ्या. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे सकाळचे वर्ग गावातल्या इमारतीतच ठेवा. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी संकुलाचा विचार करायचा असेल तर त्यावर बोलायला आम्ही तयार आहोत, पण बसचं, दिव्यांचं आणि मुलींच्या सुरक्षिततेचं लेखी नियोजन आधी हवं. विधी साहाय्य केंद्र शनिवारी चारला, आहे त्याच खोलीत. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं थकलेलं मानधन या महिन्यात द्या, आणि नियमित पदांची भरती कधी करणार त्याची तारीख सांगा, ‘लवकरच’ नको. पुस्तकं पावसाच्या आत गोण्यांतून बाहेर काढा. काढायला माणसं नसतील तर आम्ही येतो, बारमधले वीस-पंचवीस ज्युनियर सहज जमतील, मामा चहा देतील. इमारतीचा कुठलाही करार झाला असेल तर तो जाहीर करा. माजी विद्यार्थी निधीचा हिशेब द्या, आणि संचालक मंडळाच्या बैठकीत आमचा एक प्रतिनिधी बसू द्या. मत द्यायला नाही म्हणालात तरी चालेल, ऐकायला तरी.

यातलं काहीही फुकट मागत नाही. लिफ्टचा निम्मा खर्च उभा करायची जबाबदारी आमच्या १९९९ च्या तुकडीनं घेतली आहे. कोण किती देणार ती यादी या पत्रासोबत तुमच्याकडे पाठवली आहे. हवालदारांचं नाव सगळ्यात वर आहे. ते निवृत्त झाले, आता वकिली करतात, आणि कोर्टात अजून मागच्याच बाकावर बसतात.

परवा मॅडमना भेटले. केंद्राच्या खोलीची किल्ली कार्यालयात जमा करायला सांगितलीय म्हणाल्या. त्यांनी ती जमा केली, पावती घेतली. येत्या शनिवारी बाजार आहेच. चार वाजता खोली उघडी असेल तर आम्ही आत बसू. नसेल तर माझ्या वडिलांचं टेबल अजून घरी आहे, दोघं धरून सहज उचलतात. ते फाटकाबाहेर मामांच्या टपरीशेजारी मांडू, आणि सातबारा घेऊन येणाऱ्या बायकांना बसायला दोन बाकडी मामांनी कबूल केली आहेत. तुमच्यापैकी कुणाला त्या वाटेनं जाताना थांबावंसं वाटलं, तर खुर्ची आहे.

आपली,
१९९९ च्या तुकडीची एक माजी विद्यार्थिनी